हंगामी कामगार, अपघात आणि अपंगत्वाचे पैसे : गोव्यात कोणाला काय मिळतं?

मे संपता संपता किनाऱ्यावरचे शॅक (हंगामी खानावळी) उतरतात, १ जूनपासून ट्रॉलर ६१ दिवसांसाठी धक्क्याला लागतात, आणि काजूच्या भट्ट्या तर पावसाआधीच विझलेल्या असतात. गोव्यात हजारो माणसांचं वर्ष असं तुकड्यातुकड्यांचं असतं. यांच्यापैकी कुणाचा हात उकळत्या तेलात भाजला, दोरात अडकून बोटं गेली किंवा माडावरून पडून कणा मोडला, की आजूबाजूचे लोक एकच वाक्य ऐकवतात : ‘तू कुठे पर्मनंट आहेस? तुला कोण पैसे देणार?’

मालक हे वाक्य बोलतो ते एक वेळ समजू शकतं. पण सोबतचे कामगारही तेच बोलतात, तेव्हा जखमी माणूस अर्ज करायलाही जात नाही. कामावर झालेल्या अपघाताच्या बाबतीत हे वाक्य साफ चुकीचं आहे. तिथे तुम्ही किती महिने नोकरी केली याला जवळजवळ काहीच महत्त्व नाही. महत्त्व आहे ते अपघात झाला त्या दिवशी तुम्ही कोणाच्या कामावर होता याला. महिने, दिवस आणि वर्षं मोजली जातात ती दुसऱ्या प्रकारच्या लाभांसाठी. लोकांच्या डोक्यात या दोन्हींची सरमिसळ झालेली असते. ती आधी सोडवू.

पहिला प्रकार म्हणजे भरपाई आणि विमा. इथे विचारलं जातं : इजा कामामुळे आणि कामावर असताना झाली का, आणि त्यामुळे कमावण्याची ताकद किती कमी झाली? दुसरा प्रकार म्हणजे सरकारची सामाजिक मदत, म्हणजे दरमहा मिळणारं अर्थसाहाय्य. तिथले प्रश्न वेगळे : शरीराचं अपंगत्व किती टक्के, घरचं उत्पन्न किती, गोव्यात किती वर्षं राहता? इजा कामावर झाली की जन्मापासून आहे, हे तिथे कोणी विचारत नाही. एका ठिकाणी नकार मिळाला म्हणजे दुसरीकडेही मिळणारच असं नाही. एकच माणूस एका ठिकाणी अपात्र आणि दुसऱ्या ठिकाणी लाखांच्या भरपाईला पात्र असू शकतो. तो कसा, ते पुढे आकड्यांत येईलच.

मालकाने द्यायची भरपाई

कामावर इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची, हा कायदा आपल्याकडे १९२३ पासून आहे. त्यातल्या तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या आहेत आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. हिशेबाची पद्धत मूळचीच राहिली आहे.

पूर्ण आणि कायमचं अपंगत्व आलं तर महिन्याच्या मजुरीचे ६० टक्के घ्यायचे आणि वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. वय कमी तितका हा गुणक मोठा, कारण पुढे कमावण्याची वर्षं जास्त उरलेली असतात. २५ व्या वर्षी तो २१६.९१ आहे, ४० व्या वर्षी १८४.१७ आणि ५० व्या वर्षी १५३.०९. अपंगत्व अंशतः असेल तर या रकमेचे तितके टक्के. कोणत्या इजेला किती टक्के याची यादी कायद्याला जोडलेलीच आहे : अंगठा गेला तर ३०, एका हाताची चारही बोटं गेली तर ५०, पूर्ण तर्जनी गेली तर १४.

आता हंगामी माणसाचा खरा प्रश्न. महिन्याची मजुरी कोणती धरायची? वर्षात सहाच महिने काम, मग बाराने भागायचं का?

नाही. आणि हा नियम कायद्यातच लिहिलेला आहे, कोणाच्या मेहेरबानीवर सोडलेला नाही. माणूस त्याच मालकाकडे सलग बारा महिने असेल तरच वर्षाच्या मजुरीला बाराने भागतात. त्याहून कमी असेल तर अपघातापूर्वीच्या सलग कामाच्या काळातली एकूण मजुरी घ्यायची, त्या काळाच्या दिवसांनी भागायची आणि तीसने गुणायची. काम सुरू होऊन महिनाही झाला नसेल तर त्याच मालकाकडे तेच काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाची सरासरी कमाई धरतात, आणि तसा कोणी नसेल तर त्या भागातल्या तशाच कामगाराची.

उदाहरण घेऊ. मांद्र्याच्या एका शॅकमधला चाळीस वर्षांचा आचारी १५ ऑक्टोबरला कामाला लागला. १० जानेवारीला मिक्सर-ग्राइंडरमध्ये हात अडकून त्याचा अंगठा गेला. या ८८ दिवसांत त्याला ४४,००० रुपये मिळाले. भागाकार ५००, गुणिले तीस, म्हणजे महिन्याची मजुरी १५,००० रुपये. बाराने भागलं असतं तर हाच आकडा ३,६६७ वर आला असता, म्हणजे जवळपास चौथ्या हिश्श्यावर. १५,००० चे ६० टक्के ९,०००. गुणिले १८४.१७ म्हणजे १६,५७,५३०. अंगठ्याचे ३० टक्के धरले की हातात येतात ४,९७,२५९ रुपये. जवळजवळ पाच लाख, आणि तेही तीन महिने पूर्ण न भरलेल्या माणसाला. औषधोपचाराचा खरा खर्च याखेरीज मालकाने द्यायचा.

दोन बारकावे. पगार १५,००० हून जास्त असला तरी हिशेबाला १५,००० च धरतात, ही मर्यादा जानेवारी २०२० मध्ये ठरली. आणि ‘सलग’ म्हणजे मध्ये चौदा दिवसांहून मोठा खंड नको. मध्येच तीन आठवडे गावी राहून आलात, तर मोजणी परत आल्या दिवसापासून होते. त्याने रक्कम बुडत नाही, फक्त सरासरी कुठल्या दिवसांची काढायची ते बदलतं.

हात मोडला, पण काही महिन्यांनी बरा होणार असेल, तर दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीचे २५ टक्के मिळतात. आपल्या आचाऱ्याच्या मजुरीवर ते ३,७५० रुपये होतात. पहिले तीन दिवस सोडले जातात, पण २८ दिवस किंवा त्याहून जास्त काळ घरी बसावं लागलं तर तेही धरतात. हे देणं पाच वर्षांपर्यंत चालू शकतं. दरम्यान शॅक उतरला, मालकाने पुढच्या वर्षी परवाना घेतलाच नाही, तरी माणूस बरा होईपर्यंत देणं चालूच राहतं. ‘सीझन संपला, आता कसले पैसे?’ या प्रश्नाला कायद्यात आधार नाही.

यादीतले टक्के हे कमीत कमी समजावेत. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका सुताराचं प्रकरण आलं. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचं कमावण्याचं नुकसान १०० टक्के धरलं गेलं आणि न्यायालयाने ते मान्य केलं. गोव्यातल्या कामांना हे अगदी लागू पडतं. पाय अधू झालेला वेटर कदाचित गल्ल्यावर बसू शकेल. पाय अधू झालेला पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, माडावर चढणार कसा? हा मुद्दा दाव्यात मांडावा लागतो, आपोआप कोणी विचारत नाही.

तुमचं काम यादीत आहे का?

हा कायदा सगळ्या कामांना सरसकट लागू नाही, कामांची एक लांबलचक यादी आहे. हॉटेल-रेस्टॉरंटात गॅसवर किंवा विजेच्या साधनांवर स्वयंपाक करणारा आचारी त्यात आहे. ताडामाडाची सूर (ताडी-माडी) काढणारे आहेत, झाडं तोडणारे आहेत. बोटीवरचे खलाशी कायद्यात येतात. बांधकाम तर आहेच.

आता रेंदेराचं, म्हणजे सूर काढणाऱ्याचं, काम यादीत असलं, तरी त्याला मालक असेल तरच उपयोग. माड खंडाने घेऊन स्वतःच सूर विकणाऱ्या रेंदेराचा मालक तो स्वतः. पाडेल्याची गोष्ट आणखी अवघड. नारळ पाडणं म्हणजे सूर काढणं नव्हे, त्यामुळे त्याला बागायती कामाच्या नोंदीचा आधार घ्यावा लागतो आणि तिथे भाटकाराचा (भाटाच्या, म्हणजे बागेच्या मालकाचा) वकील वाद घालणार हे नक्की. शिवाय पाडेली सकाळी एका भाटात, दुपारी दुसऱ्याच. म्हणून या लोकांनी नारळ विकास मंडळाची केरा सुरक्षा ही विमा योजना घेऊन ठेवावी. ती माडावर चढणाऱ्यांसाठीच आहे.

‘तो तर रोजंदारीवरचा होता’ हा बचाव पूर्वी चालायचा, कारण नैमित्तिक कामगारांना वगळणारे शब्द जुन्या व्याख्येत होते. २००० सालच्या दुरुस्तीने ते काढून टाकले. दुसरा नेहमीचा बचाव ठेकेदाराचा : ‘तो माझा माणूस नाही, कंत्राटदाराने आणला.’ ज्याच्या धंद्याचं काम चाललं होतं त्या मूळ मालकाकडूनच भरपाई मागता येते, मग त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी.

मालीम, कुटबण किंवा वास्कोच्या खारीवाडा धक्क्यावरच्या खलाशांना आणखी एक आधार आहे. मत्स्य संपदा योजनेखालच्या सामूहिक अपघात विम्यात मृत्यू किंवा पूर्ण कायमच्या अपंगत्वाला ५ लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला अडीच लाख आणि इस्पितळाच्या खर्चासाठी २५,००० रुपये मिळतात. हप्ता केंद्र आणि राज्य मिळून भरतात, पण नाव मत्स्य खात्याकडे पोचलेलं असायला हवं. ट्रॉलर मालकाने यादी दिली का, हे ऑगस्टमध्ये समुद्रात जाण्याआधी विचारून घ्या.

बांधकाम मजुरांसाठी वेगळं कल्याण मंडळ आहे. तिथे मात्र दिवस मोजतात : गेल्या बारा महिन्यांत बांधकामावर ९० दिवस, आणि वय १८ ते ६०. पावसाळ्यात काम बंद असलं तरी ऑक्टोबर ते मे या काळात ९० दिवस सहज भरतात. नोंदणी अपघाताआधी झालेली असावी लागते, हे लक्षात ठेवा.

ईएसआय असेल तर

दहा किंवा अधिक माणसं असलेल्या हॉटेल, रेस्टॉरंट, दुकानाला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतं आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार त्यात येतो (अपंग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० आहे). पगारातून ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो. ईएसआयचं छत्र असेल तर वरची मालकाकडची भरपाई मागता येत नाही, तिच्या जागी ईएसआयचे लाभ येतात. बहुतेकांसाठी हे जास्त चांगलं, कारण पैसे मालकाच्या दारात मागायला जावं लागत नाही.

कामावरच्या इजेसाठी ईएसआयमध्येही दिवसांची अट नाही. नोकरीच्या पहिल्याच दिवशी हात गेला तरी हक्क तयार होतो. बरा होईपर्यंत मजुरीच्या ९० टक्के, आणि कायमचं अपंगत्व राहिलं तर वैद्यकीय मंडळ कमावण्याची ताकद किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा पैसे येतात. मालकाने नोंदणीच केली नव्हती, वर्गणी बुडवली होती, तरी पात्र कामगाराचा लाभ थांबत नाही. ईएसआय महामंडळ ती रक्कम मालकाकडून वसूल करतं. मडगावला ईएसआयचं इस्पितळ आहे, दावा शाखा कार्यालयात करायचा.

आजाराची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि इथे हंगामी कामगाराची खरोखर पंचाईत होते. टीबी झाला, कावीळ झाली, कामावर न घडलेला अपघात झाला, तर मजुरीच्या ७० टक्के आजारपण भत्ता वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. वर्गणीचे काळ दोन : एप्रिल ते सप्टेंबर, आणि ऑक्टोबर ते मार्च. पण लाभ लगेच मिळत नाही, तीन महिन्यांनी सुरू होतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये लाभ, आणि एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये.

हे कोष्टक गोव्याच्या पर्यटन हंगामावर ठेवून बघा. ऑक्टोबर ते मे काम करणाऱ्या माणसाचे ऑक्टोबर ते मार्चमध्ये ७८ दिवस आरामात भरतात. त्याचा लाभ त्याला जुलै ते डिसेंबरमध्ये. एप्रिल ते सप्टेंबर या काळात मात्र त्याचे एप्रिल आणि मे एवढेच, म्हणजे जास्तीत जास्त ६१ दिवस. ७८ काही होत नाहीत. परिणाम असा की जानेवारी ते जून, म्हणजे ऐन कामाच्या दिवसांत, त्याला आजारपण भत्ता नाही. हे नियम ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बारमाही चालणारा कारखाना होता, किनाऱ्यावरचा शॅक नव्हता, हे उघड आहे. उपाय एवढाच की सप्टेंबरात काम सुरू होत असेल तर तेव्हापासूनच नाव आणि वर्गणी चढली पाहिजे. सतरा दिवस जास्त भरले की पुढचे सहा महिने सुरक्षित. मालक बऱ्याचदा ‘ऑक्टोबरपासून कागदावर घेऊ’ म्हणतात, तिथे हा हिशेब दाखवावा.

एक गैरसमज इथेच निस्तरतो. ईएसआय कायदा ‘हंगामी कारखान्यां’ना लागू नाही, आणि हे वाक्य दाखवून काही मालक हात झटकतात. पण तिथे हंगामी कारखाना याचा अर्थ ठरलेला आहे : साखर-गूळ, चहा, कॉफी, रबर, कापसाचं जिनिंग असे मोजके उद्योग. धारबांदोड्याचा संजीवनी साखर कारखाना गाळप करायचा तेव्हा तो या प्रकारात बसला असता. हॉटेल किंवा रेस्टॉरंट केवळ सहा महिने चालतं म्हणून हंगामी कारखाना होत नाही. आणि जो खरोखर हंगामी कारखाना आहे, त्याचे कामगार ईएसआयबाहेर असले तरी मालकाकडच्या भरपाईत येतातच.

मोठ्या हॉटेलात असाल तर आणखी दोन गोष्टी तपासा. वीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत पीएफ असतो. नोकरीत असताना पूर्ण आणि कायमचं अपंगत्व आलं तर पीएफच्या पेन्शनला दहा वर्षांची अट राहत नाही, एका महिन्याची वर्गणी पुरते. ग्रॅच्युइटीलाही अपंगत्वामुळे काम सुटलं तर पाच वर्षांची अट नाही. हंगामी आस्थापनेत ती दर हंगामाला सात दिवसांच्या मजुरीप्रमाणे मोजतात. रक्कम लहान असते, पण सोडायची कशाला?

दरमहाची सरकारी मदत

आता दुसरा प्रकार. याची सुरुवात अपंगत्वाच्या प्रमाणपत्रापासून होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. अर्ज केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी सरकारी इस्पितळातल्या वैद्यकीय मंडळापुढे होते. प्रमाणपत्रासोबत मिळणारं यूडीआयडी कार्ड (दिव्यांग ओळखपत्र) देशभर चालतं. ४० टक्क्यांखाली असेल तर पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. बहुतेक सरकारी सवलतींची पहिली पायरी ४० टक्के ही आहे.

आपल्या आचाऱ्याकडे परत पाहा. एका अंगठ्याने प्रमाणपत्रावर ४० चा आकडा येईलच असं नाही. आला नाही तर त्याला दरमहाची मदत नाही. पण त्याची पाच लाखांची भरपाई त्या ४० वर मुळीच अवलंबून नाही. ‘प्रमाणपत्र पांढरं आलं, आता काही मिळत नाही’ असं समजून माणसं घरी बसतात, ते यामुळेच चुकीचं.

गोव्यात दरमहाच्या मदतीसाठी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे. वृद्ध माणसं आणि एकट्या स्त्रिया यांच्याबरोबर अपंग व्यक्तीही तिच्यात येतात. ९० टक्के आणि त्याहून जास्त अपंगत्व असेल तर रक्कम वाढते. इथे नोकरी किती महिने केली हे कोणी विचारत नाही, त्यामुळे हंगामी असण्याचा तोटा नाही. उत्पन्नाची मर्यादा मात्र आहे, आणि सीझनमधल्या एका महिन्याची कमाई बारा महिने चालू असल्यासारखी अर्जात लिहिली तर पात्र माणूसही बाहेर फेकला जातो. दाखला घेताना मामलेदार कचेरीत वर्षाची खरी कमाई सांगा, हंगामाचे महिने स्पष्ट करून.

मोठी अडचण वास्तव्याची. गोव्यात किमान १५ वर्षं राहत असल्याचा दाखला लागतो. झारखंड-ओडिशातून आलेला खलाशी किंवा कर्नाटकातून आलेला बांधकाम मजूर इथेच अडतो. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याहून रोज पेडणे-मोपाकडे कामाला येणाऱ्यांचंही तेच. काम गोव्यात, घर महाराष्ट्रात. त्यांनी दरमहाच्या मदतीसाठी आपल्या तालुक्याच्या तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करावा. भरपाई मात्र गोव्यातल्या मालकाकडूनच, आणि तिला कुठल्याही दाखल्याची, वर्षांची अट नाही. या लोकांसाठी नव्या संहितेत एक चांगली भर आहे : घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातही, वेळ-ठिकाण-कामाचा संबंध दाखवता आला तर, कामावरचा धरला जातो. ईएसआयमध्ये ही तरतूद आधीपासून होती. रोज बांद्याच्या नाक्यावरून दुचाकी हाकणाऱ्यांना तिचं मोल कळेल.

पावसाळ्यात कोणाच्याच कामावर नसाल, घरच्या शेतात पडलात, तर मालक कुठून आणणार? त्या दिवसांसाठी बँकेतली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, एक डोळा किंवा एक हात-पाय गेला तर १ लाख. विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि हप्ता त्याआधी खात्यातून आपोआप कापला जातो. नेमकं त्याच आठवड्यात हंगामी माणूस पगार काढून खातं रिकामं करून गावी निघालेला असतो. तेवढे पैसे खात्यात राहू द्या. ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं) जवळ असणं चांगलं, पण ते म्हणजे पेन्शन नव्हे. कार्ड आहे म्हणून विमा काढायचा राहू देऊ नका.

कॅज्युअल्टीतला कागद

सगळे नियम बाजूने असूनही दावे पडतात ते बहुधा एका कागदामुळे. जखमी माणसाला म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) नेतात, डॉक्टर विचारतात काय झालं, आणि सोबत आलेला मॅनेजर पटकन सांगतो : ‘रूमवर पडला.’ ते तसंच केस पेपरवर उतरतं. नंतर सहा महिन्यांनी ‘मी किचनमध्ये पडलो होतो’ म्हणून कितीही सांगा, समोरचा वकील तोच कागद पुढे करतो. पोलिसांची भानगड नको, बिल मी भरतो, असं मालक म्हणत असेल तरी डॉक्टरला खरी जागा आणि खरं काम सांगाच. माणूस बेशुद्ध असेल तर हे काम सोबत आलेल्या सहकाऱ्याचं. १०८ ची रुग्णवाहिका शॅकवरूनच बोलावली असेल तर ती नोंदही उपयोगी पडते.

नेमणूकपत्र नाही म्हणून घाबरू नका, हंगामी कामात ते क्वचितच असतं. गुगल पे वर आलेली मजुरी, मालकाचे ‘उद्या लवकर ये’ असे व्हॉट्सअॅप मेसेज, युनिफॉर्ममधले फोटो, भाडेकरू म्हणून पोलिसांकडे दिलेला फॉर्म, सोबतच्या दोघांची साक्ष, यातून नोकरी सिद्ध होते. मालकाला अपघाताची सूचना लेखी द्या, मेसेजवर दिली तरी तारखेसह राहते.

मालक तीस-चाळीस हजार देऊन कागदावर सही मागेल. पैसे घ्यायला हरकत नाही, पण ‘यापुढे माझा काही हक्क नाही’ असं त्यात लिहिलेलं असेल तर तो करार कायद्याने टिकत नाही. एकदा सही केली म्हणजे सगळं संपलं, असं समजू नका. भरपाई देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिली नाही तर १२ टक्के व्याज लागतं, आणि सबब पटण्यासारखी नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही. दारू प्यायलेला होता, असा आरोप झाला तरी मृत्यू किंवा पूर्ण कायमच्या अपंगत्वात भरपाई नाकारता येत नाही.

दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं. गोव्यात मजूर खात्याचं मुख्य कार्यालय पणजीत पाटोला श्रमशक्ती भवनात आहे, चौकशी तिथून सुरू करा. पण दावा गोव्यातच लावला पाहिजे असंही नाही. कामगार जिथे राहतो तिथल्या प्राधिकाऱ्याकडेही तो दाखल होतो, म्हणजे सावंतवाडीच्या माणसाला दर तारखेला पणजी गाठायची गरज नाही, रांचीच्या खलाशाला तर नाहीच. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा : अपंग व्यक्ती, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१०० वर करायचा, आणि केस पेपरची झेरॉक्स हाताशी ठेवून करायचा.